आकडा बदलण्याचा अधिकार
१९७० च्या दशकात मोठ्या कंपन्यांचा खर्चाचा अहवाल संगणक विभागातून छापून येई. एक आकडा बदलायचा, तरी त्याच विभागाचे उंबरठे झिजवावे लागत. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन यांनी ॲपल २ साठी ‘व्हिजिकॅल्क’ आणले. आता अहवाल वाचणाराच आकडा बदले आणि बेरजा आपोआप बदलत. हे सत्तांतरच होते. मात्र आधीचा आकडा कोणता, तो कोणी व का बदलला, याची नोंद त्या चौकटीत उरत नसे. (रोजकीर्दीत खाडाखोड निदान दिसते तरी!) २०१२ मध्ये जेपी मॉर्गनमध्ये जोखमीचे गणित एक्सेलमध्ये हाताने आकडे चिकटवून चाले, एका सूत्रात सरासरीऐवजी बेरजेने भागले गेले आणि जोखीम कमी दिसली. त्या व्यवहारांतला तोटा ६ अब्ज डॉलरांच्या पुढे गेला.