अमेरिकेतही एक सिंगापूर होतं, आज ते वाळूखाली आहे

सिंगापूर म्हटलं की उंच इमारती, चकाचक रस्ते आणि मोठ्ठं बंदर आठवतं. पण याच नावाचं एक गाव अमेरिकेच्या मिशिगन राज्यातही होतं. तिथे सॉ मिल होत्या, हॉटेलं होती, दुकानं होती, एवढंच काय, गावाची स्वतःची बँकही होती. आज त्या जागी फक्त वाळूच्या टेकड्या दिसतात.

मग हे अख्खं गाव गेलं कुठे?

शिकागोला टक्कर द्यायचं स्वप्न

मिशिगन सरोवराच्या पूर्व किनाऱ्यावर कॅलामझू नदी सरोवराला मिळते. हा सगळा भाग मुळात पोटावाटोमी आणि ओटावा या आदिवासींचा. १८२१ च्या शिकागो कराराने तो अमेरिकन सरकारकडे गेला. पुढे १८३६ मध्ये ओशिया वाइल्डर नावाच्या न्यूयॉर्कच्या जमीन व्यापाऱ्याने नदीच्या मुखाशी सिंगापूर वसवलं. शिकागो आणि मिलवॉकीच्या तोडीचं बंदर इथे उभं करायचं, असा त्याचा बेत होता. तेव्हा हे स्वप्न वेडेपणाचं नव्हतं, कारण शिकागोलाच शहराचा दर्जा मिळाला तो १८३७ मध्ये.

त्याच वर्षी मिशिगनमध्ये बँक काढण्याचे नियम सैल झाले आणि गावोगावी बँका निघाल्या. सिंगापूरनेही स्वतःच्या नोटा छापल्या. नोटांमागे ठरावीक सोनं-चांदी ठेवणं बंधनकारक होतं. पण त्या काळात मिशिगनमध्ये तपासणी अधिकारी यायच्या आत एका बँकेतली नाणी दुसऱ्या बँकेत पोहोचवली जायची. तीच नाणी ठिकठिकाणी दाखवून काम भागायचं. काही वर्षांतच अशा बहुतेक बँका बुडाल्या आणि लोकांच्या हातात कागद उरले.

पैसा आला तो पाइनमधून

गावाला खरं जगवलं ते व्हाइट पाइन या झाडाने. याचं लाकूड हलकं, सरळ आणि कापायला सोपं. शिवाय ते पाण्यावर छान तरंगतं. त्यामुळे ट्रक आणि रेल्वेशिवाय धंदा चालायचा. हिवाळ्यात झाडं तोडायची, ओंडके बर्फावरून ओढत नदीकाठी आणायचे, वसंतात बर्फ वितळलं की पाण्यात सोडायचे. नदीच्या मुखाशी सॉ मिलमध्ये त्यांच्या फळ्या व्हायच्या आणि शिडाच्या जहाजांतून सरोवरापलीकडे शिकागोला जायच्या.

भरभराटीच्या काळात इथे तीन सॉ मिल होत्या, तरी वस्ती काही शेकड्यांचीच होती. मजूर बोर्डिंग हाउसमध्ये राहायचे आणि गावाचं सगळं वेळापत्रक मिलवर चालायचं. इथल्या लाकडावर मोठे झालेल्यांपैकी एक फ्रान्सिस स्टॉकब्रिज. तो पुढे अमेरिकेचा सिनेटर झाला.

१८७१ चा ऑक्टोबर

८ ऑक्टोबर १८७१ ला शिकागोमध्ये भीषण आग लागली. सुमारे ३०० लोक गेले, एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. त्याच सुमारास मिशिगनमधली हॉलंड आणि मॅनिस्टी ही गावंही जळाली, तर विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगोच्या आगीत हजाराहून जास्त लोकांचा जीव गेला. सिंगापूर मात्र वाचलं.

आता सगळ्यांनाच घरं बांधायला लाकूड हवं होतं. मागणी एकदम वाढली आणि उरलंसुरलं जंगलही कापलं गेलं.

इथेच गाव फसलं. किनाऱ्यावरची वाळू झाडांच्या मुळांनी धरून ठेवली होती आणि वारा झाडांमुळे अडत होता. झाडं गेली, तशी वाळू मोकळी झाली आणि सरोवरावरच्या वाऱ्याबरोबर गावात शिरू लागली. १८७५ च्या सुमाराला मिल उखडून उत्तरेला सेंट इग्नेसला नेली आणि लोकांनी गाव सोडलं. काही इमारती जवळच्या सॉगाटकमध्ये हलवल्या गेल्या, त्यात बँकेची इमारतही होती. बाकीचं वाळूने झाकलं.

मग दोष शिकागोच्या आगीचा?

‘शिकागो बांधता बांधता सिंगापूर संपलं’ असं सर्रास सांगितलं जातं, पण ते अर्धंच खरं आहे. तोड आगीच्या आधी तीसेक वर्षं चालूच होती आणि नवी झाडं लावण्याचा विचार धंद्यात नव्हता. आगीने फक्त शेवट जवळ आणला. मिलमालकांना पुढच्या जंगलाकडे जाता आलं, गावाला जाता आलं नाही.

आज सॉगाटक हे पर्यटकांचं आणि चित्रकारांचं गाव आहे. तिथली ऑक्स-बो ही कलाशाळा १९१० पासून चालू आहे. सिंगापूरची आठवण सांगणारा एक फलकही गावात आहे. आणि ज्या पाइनवर मिशिगन एकेकाळी देशात सगळ्यात जास्त लाकूड देणारं राज्य होतं, त्या पाइनचं जुनं जंगल पाहायचं तर हार्टविक पाइन्स या उद्यानात जावं लागतं. तिथे ते उरलंय सुमारे ४९ एकर.