कैदेतल्या शिपायाची गोष्ट

बत्तीस शिराळ्याने एका कैदेची आठवण तीनशे वर्षांहून अधिक काळ जपली आहे. १६८९ मध्ये संगमेश्वरी पकडलेल्या छत्रपती संभाजीराजांना मोगल फौज घेऊन चालली असता त्यांना सोडवण्याचा प्रयत्न शिराळ्यात झाला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. प्रयत्न फसला, गोष्ट मात्र टिकली. ती कागदापेक्षा लोकांच्या तोंडी अधिक आहे.

मग याच मुलखातून पलटणीत गेलेल्या साध्या शिपायांच्या कैदेची गोष्ट कुठे गेली?

पहिल्या महायुद्धाच्या वेळी शिराळा सातारा जिल्ह्यात होता. मराठा पलटणींची भरती सातारा, कोल्हापूर, रत्नागिरी या भागांतून होई. इराकातल्या कुत-अल-अमाराला १०३, ११० आणि ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने वेढ्यात अडकल्या. दाणागोटा संपत आला, घोडे-खेचरं कापली गेली. ते मांस खावं की धर्म सांभाळावा, हा पेच हिंदी शिपायांपुढे होता. २९ एप्रिल १९१६ रोजी फौज शरण गेली. तुर्कांनी कैद्यांना वाळवंटातून चालवत नेलं आणि अनेकांना रास-अल-ऐनला रेल्वेच्या कामाला जुंपलं. कित्येक परतलेच नाहीत. सेनापती टाऊनशेंड मात्र इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिले, आणि १९२० मध्ये त्यांचं पुस्तकही निघालं. बहुतेक शिपायांना लिहिता येत नव्हतं.

त्याच काळात बर्लिनजवळ वुन्सडॉर्फच्या छावणीत मुसलमान कैद्यांचं मन वळवण्यासाठी जर्मनांनी लाकडी मशीद बांधली. तिथल्या भाषापंडितांनी कैद्यांचे आवाज तबकड्यांवर घेतले. पंडितांना हवे होते उच्चार. पण १९१६ मध्ये एका पंजाबी शिपायाने घरच्या लोण्याची आणि परतण्याच्या ओढीची गोष्ट सांगितली. तो आवाज बर्लिनच्या हुंबोल्ट विद्यापीठात आजही आहे.

आपल्याकडे घरात विचारलं, तर ‘आजा लढाईवर गेलता’ एवढंच मला ऐकू येतं. शरण जाण्याची लाज वाटून माणसं गप्प राहिली असावीत. कुतचे शिपाई आता नाहीत. दुसऱ्या महायुद्धात सिंगापूरला किंवा १९७१ मध्ये पाकिस्तानात कैद झालेल्यांच्या घरी तरी विचारा. किती शत्रू मारले, हे विचारू नका. काय खाल्लं, कुणाशी बोलत होता, घरी कळलं कसं, ते विचारा. मोबाइलवर आवाज घ्या. गाव, पलटण, साल आणि कुणी कुणाकडून ऐकलं, हे वहीत लिहा.

फसलेल्या प्रयत्नाची गोष्ट शिराळा अभिमानाने सांगतो. शरण गेलेल्या आजोबांचीही सांगायला हरकत नाही.