देवगिरीची कम्रिका, हवाईचा रॉड

जांब समर्थच्या राममंदिरात रामनवमीचं कीर्तन ऐकलेल्या माणसाला पेटी, झांज, चिपळ्यांची ओळख करून द्यावी लागत नाही. लग्नसराईत बँजो पार्टी ऐकली नाही असा माणूसही घनसावंगी तालुक्यात सापडायचा नाही. पेडल स्टील गिटार मात्र इकडे सहसा कुणी पाहिलेली नसते, आणि दाखवली तरी ही गिटार आहे हे पटत नाही. चार पायांवर उभी अरुंद, आडवी चौकट. वर दहा तारा, पोटाखाली सळ्या, दांडे आणि स्प्रिंगांचं जाळं, पायाशी तीन पेडल, गुडघ्यांच्या दोन्ही बाजूंना लोंबणारे चार-पाच खटके. वाजवणारा खुर्चीत बसतो. डाव्या हातातला पोलादी रॉड तारांवरून सरकवतो, उजव्या हाताच्या बोटांत नख्या घालून तारा छेडतो, डाव्या पायाने पेडल दाबतो आणि उजव्या पायाने आवाज कमी-जास्त करतो. गुडघे तेवढे मोकळे, असं म्हणावं तर त्यांनाही काम लावलेलं आहे.

असलं एखादं जुनं यंत्र नवशिक्याने विकत घेऊन दुरुस्त करावं का? उत्तर देण्याआधी या वाद्याचं कूळ पाहायला हवं. कुळाचा माग काढत गेलं की वाट अमेरिकेतून हवाईला जाते. पण तारेवर कांडी सरकवण्याच्या युक्तीचं एक फार जुनं आणि तपशीलवार वर्णन आपल्या दौलताबादेत, म्हणजे जुन्या देवगिरीत, सापडतं.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीवर यादवांचा सिंघण राज्य करत होता. त्याच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा हिशेबखात्याचा अधिकारी होता. आजोबा भास्कर काश्मीरहून दक्षिणेत आले, वडील सोढल यादवांच्या चाकरीत लागले. या कारकुनी पेशाच्या माणसाने ‘संगीतरत्नाकर’ हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. त्यातला सहावा अध्याय वाद्यांचा, आणि त्यात एकतंत्री वीणेला मोठा मान. एक दांडी, एक भोपळा, एक तार. पडदे नाहीत. मग सूर काढायचे कसे? डाव्या हातात बांबूची लहानशी कांडी धरायची, तिचं नाव कम्रिका. ती तारेवर टेकवून वरखाली सरकवायची आणि उजव्या हाताने तार छेडायची. डाव्या हाताच्या क्रिया कोणत्या, उजव्याच्या कोणत्या, दोन्ही मिळून करायच्या कोणत्या, याची वर्गवारीही शार्ङ्गदेव हिशेबनीसाच्या काटेकोरपणाने करतो. युक्ती त्याची स्वतःची नव्हे, आधीपासून चालत आलेली होती. पण नीट लिहून ठेवली ती त्याने. जांबहून सकाळी निघालं तर संध्याकाळपर्यंत देवगिरीचा किल्ला बघून परत येता येतं, इतक्या जवळची ही गोष्ट. समर्थ रामदासांचा जन्म 1608चा, म्हणजे त्याच्याही साडेतीनशेहून अधिक वर्षं आधीची.

पुढे पडद्यांच्या वीणा आल्या आणि कांडी मागे पडली. पण ती मेली नाही. समर्थांच्या शिष्यांनी जिथवर मठ नेले त्या तंजावरच्या मुलखात, तिरुविडैमरुदूरच्या सखाराम राव यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गोट्टुवाद्य पुन्हा मैफलीत आणलं. बिनपडद्याची वीणा, आणि डाव्या हातात गुळगुळीत लाकडी ठोकळा. आज तिला चित्रवीणा म्हणतात. उत्तरेत पतियाळ्याच्या अब्दुल अझीझ खाँनी विचित्र वीणेवर काचेचा अंडाकृती गोळा फिरवून तेच साधलं. कांडी बांबूची असो, लाकडाची असो की काचेची, गरज एकच: दोन सुरांमधली वाट तुटू नये. पडदा सूर पक्का करतो, पण मिंडेच्या आड येतो.

आता हवाई. 1830च्या दशकात गुरं राखायला आलेल्या मेक्सिकन गुराख्यांबरोबर तिथे गिटार पोचली. बेटावरच्या लोकांनी ती आपल्या पद्धतीने, तारा सैल करून लावली. ओआहू बेटावरच्या लाये गावात 1874 साली जन्मलेला जोसेफ केकुकू हा पोरगा 1880च्या दशकात रेल्वे रुळाशी पडलेला बोल्ट तारेवर घासला गेला म्हणून थबकला, अशी कथा सांगतात. कुणी बोल्टऐवजी फणी म्हणतात, कुणी चाकू. कथेचं सोडा. केकुकूने पुढे होनोलुलूच्या कामेहामेहा शाळेत शिकताना तिथल्या कार्यशाळेत पोलादाचा रॉड घडवून घेतला, तारा पडद्यांवर घासू नयेत म्हणून वर उचलल्या आणि वाजवण्याची पद्धत बसवली. 1904 साली तो अमेरिकेच्या मुख्य भूमीवर गेला आणि वाजवत, शिकवत फिरला.

दुसरा एक दावेदार आहे आणि तो आपल्याला गुदगुल्या करणारा आहे. गॅब्रिएल डाव्हियन. होनोलुलूच्या जुन्या जाणत्यांनी सांगितलेल्या आठवणींत हा मुलगा भारतात जन्मलेला, एका जहाजाच्या कप्तानाने उचलून नेलेला, आणि 1884च्या सुमारास तारेवर काहीतरी सरकवून गिटार वाजवणारा. लगेच देवगिरी ते होनोलुलू अशी सरळ रेघ ओढायचा मोह होतो. मी ओढत नाही. बंदरात लहानाचा मोठा झालेला पोर आणि एकतंत्री वीणा यांच्यामध्ये सहाशे वर्षांचं अंतर आहे आणि ते भरून काढणारा कागद नाही. युक्ती दोन ठिकाणी दोनदा सुचू शकते, त्यात आपल्या मुलखाचा काही अपमान नाही.

1915 साली सॅन फ्रान्सिस्कोला पनामा कालव्याच्या निमित्ताने मोठं प्रदर्शन भरलं. तिथल्या हवायन वादकांनी अमेरिकेला वेड लावलं. मग आवाज मोठा करण्याची खटपट सुरू झाली, कारण मांडीवरची गिटार बँडच्या ब्रास वाद्यांपुढे ऐकू येईना. 1927च्या सुमारास डोपयेरा बंधूंच्या ॲल्युमिनियमच्या शंकूंची रेझोनेटर गिटार निघाली. पाठोपाठ 1931-32मध्ये जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी बिडाच्या तव्याच्या आकाराची विजेवरची गिटार काढली. पुढे बाजारात खपलेली ही पहिली इलेक्ट्रिक गिटार मांडीवर आडवी ठेवून रॉडने वाजवायची होती, उभी धरायची नव्हे. रॉक संगीतवाल्यांना हे कुणी फारसं सांगत नाही.

इथे घोडं अडलं. रॉड सरळ असतो. तो सगळ्या तारांवर एकाच ठिकाणी बसतो, त्यामुळे तारा ज्या नात्याने लावल्या आहेत तेच नातं वर सरकतं, तेच खाली. तारा सा-ग-प अशा लावल्या की कुठेही जा, सा-ग-पचाच गुच्छ मिळणार. कोमल गांधाराचा गुच्छ हवा, मध्यम-धैवताचा हवा, तर रॉड तिरका करा, नाहीतर दुसऱ्या स्वरांत लावलेली दुसरी गिटार शेजारी ठेवा. वादकांनी तेही केलं. दोन, तीन, चार माना असलेल्या आडव्या गिटारी निघाल्या. मग 1940च्या आसपास गिब्सन कंपनीने इलेक्ट्राहार्प नावाचं पेडलवालं वाद्य काढलं. सुरुवातीला पेडलचा उपयोग गाण्याच्या अधूनमधून, तारा गप्प असताना, लावणी बदलण्यापुरताच होई. 1953च्या अखेरीस वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तारा वाजत असतानाच पेडल दाबलं. एक तार जागेवर थांबली, शेजारची तिच्या डोळ्यांदेखत वर चढली. नॅशव्हिलचे स्टीलवादक हातातलं काम टाकून पेडल जोडायला धावले. बडी एमन्स आणि शॉट जॅक्सन यांनी शो-बड नावाने अशी वाद्यं बांधायला घेतली. एमन्सने पुढे स्वतःची कंपनीही काढली.

पेडल नेमकं काय करतं? दहा तारांची रूढ लावणी आहे ई-नाइन. त्यातला ई म्हणजे आपला षड्ज मानू. गुच्छ सा-ग-प. पहिलं पेडल दाबलं की पंचमाची तार पूर्ण स्वर चढून धैवतावर जाते. दुसरं दाबलं की गांधाराची तार अर्धा स्वर चढून मध्यमावर. षड्ज ढळत नाही. दोन्ही मिळून सा-ग-पचं सा-म-ध होतं, रॉड जागचा हलत नाही. खालून पाहिलं तर पेडलची सळई एका आडव्या दांड्याला फिरवते, दांड्यावरचा खटका दुसरी सळई ओढतो, आणि ती सळई तारेखालच्या गोल बोटाला पाव इंचापेक्षाही कमी ढकलते. तेवढ्यावर सगळा जीव. परतीची स्प्रिंग तार पुन्हा जागेवर आणते. ती थकली की तार कणसूर परतते आणि वादकाला वाटतं आपला कानच बिघडला.

आपल्याकडे कांडी परत आली ती हवाईच्या जहाजाने. ताऊ मो आणि त्यांचं कुटुंब दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात राहिलं, गार्नी निस यांच्या अलोहा बॉईजनी तिथे रेडिओ गाजवला, आणि बंगाल्यांनी हवायन गिटारवर रवींद्रसंगीत वाजवून ती घरोघर नेली. मुंबईत ती सिनेमाच्या स्टुडिओत शिरली. लखनौचे व्हॅन शिप्ले स्वतः आखलेल्या आठ तारांच्या गिटारवर चित्रपटगीतांच्या धून वाजवत, आणि त्यांच्या तबकड्यांवर पुण्याचे एनॉक डॅनियल्स ॲकॉर्डियनवर साथीला असत. हजारा सिंग, चरणजीत सिंग यांचीही स्टील गिटार त्या काळच्या ऑर्केस्ट्रांत आहे. जोधपूरच्या ब्रिजभूषण काब्रांनी तिच्यावर रागदारी बसवली. 1967ची ‘कॉल ऑफ द व्हॅली’ ही तबकडी घरोघर गेली, त्यात संतूर आणि बासरीच्या जोडीला हीच गिटार आहे. विश्वमोहन भट्टांनी तरफा चढवून तिची मोहनवीणा केली आणि 1994 साली ग्रॅमी आणलं.

पेडल मात्र इकडे रुजलं नाही. माझ्या मते कारण साधं आहे: आपल्याला स्वरांचे गुच्छ बदलायचेच नव्हते. एका तारेवरची मिंड हवी होती आणि ती नुसत्या रॉडने मिळत होती. यंत्राचं म्हणाल तर त्याचं आपल्याला वावडं नाही. बँजो पार्टीतला बँजो म्हणजे 1912 साली जपानच्या नागोयात गोरो मोरिता यांनी काढलेल्या बटणांच्या ताइशोगोतोचा वंशज. तो मराठवाड्याच्या वरातीत रुजला, कारण त्याने आपल्याला हवं ते दिलं.

तेव्हा नवशिक्याने काय घ्यावं? जुनी पेडल स्टील परदेशातूनच मागवावी लागते. जड असल्याने भाडं आणि सीमाशुल्क अंगावर येतं. घेतलीच तर सुटी करण्याआधी खालच्या भागाचे सगळ्या बाजूंनी फोटो काढा आणि एका वेळी एकाच तारेची सळई उतरवा. घट्ट झालेलं जुनं तेल पुसून काढा आणि सांध्यांना शिलाई मशीनचं पातळ तेल थेंबाने द्या. गंज सोडवायचे फवारे नकोत, ते थोड्या दिवसांनी चिकटतात. सळयांच्या टोकाच्या नायलॉनच्या गुंड्या वयाने तडकतात, त्या आधीच मागवून ठेवा. वरून तिसरी तार सर्वांत ताणलेली असते, तीच वारंवार तुटते. तशा तारा जादा घ्या.

पण मी सांगेन, आधी जुनी हवायन गिटार शोधा. साध्या गिटारमध्ये ज्या दोषांना माणूस घाबरतो ते इथे निरुपद्रवी आहेत. पडदे झिजले, मान थोडी वाकली, काही बिघडत नाही, कारण तार कधी दाबायचीच नसते. म्हणूनच ती स्वस्तात मिळते. तपासायचं ते वेगळं. तारांवर सपाट पट्टी आडवी ठेवा. सगळ्या तारा तिला एकसारख्या टेकल्या पाहिजेत, एखादी खाली राहिली तर रॉडखाली ती झिणझिणेल. घोडी तबलीपासून सुटत चालली आहे का, ते तिच्याखाली पातळ कागद सरकवून बघा. खुंट्या फिरवून बघा, सैल असतील तर बदला, त्या महाग नसतात. रॉड जड घ्या, हलका रॉड थरथरतो. आणि वाजवताना तो पडद्याच्या बरोबर डोक्यावर धरा, अलीकडे नको. मागची दोन बोटं तारांवर हलकी टेकलेली ठेवा, म्हणजे रॉडमागची कुरकुर थांबेल.

सहा महिने सारेगम आणि भूप एवढंच वाजवा. त्यानंतरही पायाला काम हवंसं वाटलं, तर पेडलवाली जरूर मागवा.