प्रचारातील आरोप आणि उमेदवारांचे उत्तर

मतदान तोंडावर आले असताना झालेल्या आरोपाला उमेदवार कसे सामोरे जातात, याचे बोलके उदाहरण छत्तीसगडच्या दुर्ग जिल्ह्यात २०२३ मध्ये दिसले. भिलाईचे पोलाद आणि जामुलचे सिमेंट यांसाठी परिचित असलेल्या याच जिल्ह्यातील पाटण मतदारसंघातून तत्कालीन मुख्यमंत्री भूपेश बघेल उभे होते.

पहिल्या टप्प्याच्या मतदानाला चार दिवस उरले असताना, ३ नोव्हेंबर रोजी सक्तवसुली संचालनालयाने (ईडी) एक पत्रक काढले. महादेव या सट्टेबाजी ॲपच्या प्रवर्तकांनी बघेल यांना सुमारे ५०८ कोटी रुपये दिल्याचे अटकेतील एका व्यक्तीच्या जबाबातून समोर आले असून त्याचा तपास सुरू आहे, असा त्यात दावा होता. हे प्रवर्तक मूळचे भिलाईचेच. दुसऱ्याच दिवशी दुर्ग येथील सभेत पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी हा विषय उचलला.

बघेल यांनी आरोप फेटाळला. केवळ इन्कारावर न थांबता, केंद्राने या ॲपवर बंदी का घातली नाही, असा प्रतिप्रश्नही त्यांनी केला. ५ नोव्हेंबर रोजी केंद्राने महादेवसह २२ ॲप व संकेतस्थळे रोखली आणि राज्याने तशी विनंतीच केली नव्हती, असे सुनावले. प्रतिप्रश्न असा उलटूही शकतो. जबाब देणाऱ्या व्यक्तीने तो नाकारल्याचे वृत्त आले, तेव्हा मतदान आटोपले होते. काँग्रेसची सत्ता गेली. बघेल मात्र १९,७२३ मतांनी निवडून आले. त्यामुळे आरोपाचा परिणाम नेमका किती, हे निकालावरून सांगणे कठीण.

महाराष्ट्रात २०१९ मध्ये शरद पवार यांनी निराळा मार्ग निवडला होता. राज्य सहकारी बँक प्रकरणी ईडीने गुन्हा नोंदविताच, समन्स नसतानाही २७ सप्टेंबर रोजी आपण स्वतः कार्यालयात हजर होऊ, असे त्यांनी जाहीर केले. पोलिसांच्या विनंतीवरून ते गेले नाहीत. परंतु प्रचाराचा रोख तोवर पालटला होता.

कायद्याचा आधार आहे, पण तो उशिरा मिळतो. लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ च्या कलम १२३(४) नुसार प्रतिस्पर्ध्याच्या वैयक्तिक चारित्र्याविषयी किंवा वर्तनाविषयी जाणूनबुजून खोटे विधान करणे हा भ्रष्ट आचार ठरतो. त्यासाठी उच्च न्यायालयात निवडणूक याचिका करावी लागते, तीही निकालानंतर ४५ दिवसांत. मतदान संपण्यापूर्वीच्या ४८ तासांत तर जाहीर सभा घेऊन उत्तर देण्यासही मनाई असते.