इंधन की निरोप? एका उपहासित सिद्धांताचा इतिहास

१/ १९२९. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल लोमान यांनी स्नायूंतून एक संयुग वेगळे केले : अ‍ॅडिनोसिन ट्रायफॉस्फेट, म्हणजेच एटीपी. पुढे ते पेशीचे इंधन म्हणून विख्यात झाले. त्याच वर्षी ड्रुरी आणि सेंट-ग्यॉर्गी यांनी दाखवले, की याच कुळातील द्रव्यांचा हृदयाच्या गतीवर परिणाम होतो. त्या निरीक्षणाचा खरा अर्थ उमगण्यास मात्र अनेक दशके जावी लागली.

२/ १९६० च्या दशकात मेलबर्न येथे जेफ्री बर्नस्टॉक आतड्याच्या स्नायूंवर प्रयोग करत होते. चेतातंतूंचे तेव्हा ज्ञात असलेले दोन प्रमुख निरोपे, अ‍ॅसिटिलकोलीन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन, त्यांनी औषधांनी निष्प्रभ केले. तरीही चेतातंतू उद्दीपित करताच स्नायू सैलावला. मग हा तिसरा निरोप्या कोण?

३/ १९७२ मध्ये त्यांनी सविस्तर मांडणी केली : तो निरोप्या एटीपी होय. या चेतातंतूंना त्यांनी ‘प्युरिनर्जिक’ हे नाव दिले. विद्वत्सभांतून त्यांचा उपहास झाला. आक्षेप निराधार नव्हता. जे द्रव्य प्रत्येक पेशीत आहे, ते विशिष्ट निरोप कसे देईल? आणि मोलाचे इंधन पेशी बाहेर का टाकील?

४/ उत्तर रिसेप्टरमध्ये दडले होते. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणावरील, निरोप स्वीकारणारे प्रथिन. १९९३-९४ मध्ये एटीपी ओळखणाऱ्या अशा प्रथिनांची जनुके हाती आली आणि वादाचा निकाल लागला.

५/ दरम्यान वैद्यक वेगळ्याच वाटेने तेथे पोहोचले होते. एटीपीचे भावंड एडीपी रक्तातील प्लेटलेट्सना एकमेकींस चिकटवते, हे १९६१ मध्येच कळले होते. हृदयाच्या रोहिणीत अशी गुठळी अडकली, की झटका येतो. ती रोखणारे क्लोपिडोग्रेल १९९७ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. ते ज्या रिसेप्टरला निकामी करते, त्या पी-टू-वाय-ट्वेल्व्हचे जनुक मात्र २००१ मध्ये सापडले. कुलूप दिसण्याआधीच किल्ली वापरात होती!

६/ हा रिसेप्टर जखमेतून वाहणारे रक्तही थांबवतो. म्हणूनच या औषधाने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ज्यांच्यात तो जन्मतः सदोष असतो, त्यांना रक्तस्रावाचा विकार जडतो.

७/ बर्नस्टॉक २०२० मध्ये निवर्तले. स्टेंट बसवलेल्या आजोबांच्या गोळ्यांत क्लोपिडोग्रेल हे नाव दिसले, तर ध्यानी घ्या : ती गोळी जो निरोप अडवते, त्या कुळातील निरोपांचे अस्तित्वच एके काळी विद्वानांना मान्य नव्हते.