पेरिस्कोपमधली त्रिकोणमिती

'सायलेंट हंटर ४' या गेममध्ये ऑटो टार्गेटिंग बंद करून बघा. १९४३ साली प्रशांत महासागरात अमेरिकन पाणबुडीवाल्यांचं काय होत असेल, याचा थोडा अंदाज येतो.

सूत्र दहावीचंच. डोलकाठीची उंची भागिले कोनाचा टॅन. ३० मीटरची डोलकाठी १ अंशात दिसली, तर जहाज साधारण १,७२० मीटरवर. पण ती उंची यायची ओळखपुस्तिकेतून. जहाज भलतंच निघालं, डोलकाठी २४ मीटरचीच असली, तर ते असतं १,३७५ मीटरवर! अशी अंतरं जोडूनच त्याचा वेग काढायचा, म्हणजे चूक तिथेही शिरली.

जहाजाचं नाक आपल्यापासून किती वळलंय, तो कोन तर निव्वळ नजरेने सांगायचा. पुढचं गणित टीडीसी हा यांत्रिक कॉम्प्युटर करायचा, पण इनपुट माणसाचंच. (आजही वेगळं काय आहे म्हणा!)

एरवी पेरिस्कोपला डोळा कॅप्टनचाच. 'वाहू'च्या डडली मॉर्टनने मात्र तो आपला दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन याच्याकडे दिला. ओकेनने बघून आकडे सांगायचे आणि मॉर्टनने हल्ल्याचा विचार करायचा.