कॉलोराडोमधील खासगी जमिनीवरील एल्क शिकार

कॉलोराडोमधील खासगी जमिनीवरील एल्क शिकार म्हणजे अमेरिकेच्या कॉलोराडो राज्यातील डोंगराळ भागात जमीनमालकाने, किंवा त्याच्या परवानगीने इतरांनी, एल्क या मोठ्या हरणाची केलेली परवानाधारक शिकार होय. जमीन खासगी असली तरी तिच्यावर वावरणारे वन्य प्राणी मालकाचे नसतात. ते राज्याचे मानले जातात व त्यांची शिकार राज्याच्या नियमांनुसारच करता येते. प्रवेश मालकाच्या हाती आणि प्राणी राज्याच्या ताब्यात, अशी ही दुहेरी व्यवस्था आहे.

प्राणी

एल्क (शास्त्रीय नाव: सर्व्हस कॅनडेन्सिस) हा हरणांच्या कुळातील प्राणी असून सांबर व काश्मीरचा हंगुल हे त्याचे भारतातील नातेवाईक होत. त्याला वापिटी असेही म्हणतात. शॉनी भाषेतील या शब्दाचा अर्थ 'पांढऱ्या पुठ्ठ्याचा' असा आहे. युरोपात 'एल्क' हे नाव मूस या वेगळ्या प्राण्यासाठी वापरले जाते. रॉकी पर्वतातील पूर्ण वाढलेल्या नराचे वजन सुमारे ३०० किलोग्रॅमपेक्षा अधिक भरते. शिंगे फक्त नरांना असतात; ती दरवर्षी हिवाळ्याच्या अखेरीस वा वसंत ऋतूत गळतात आणि ऑगस्टपर्यंत पुन्हा पूर्ण वाढतात. सप्टेंबर ते ऑक्टोबरचा आरंभ हा विणीचा हंगाम असतो. या काळात नर शिळेसारखा लांब व तीव्र आवाज काढून माद्यांना बोलावतात व प्रतिस्पर्ध्यांना आव्हान देतात.

इतिहास

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात खाणकामगारांच्या वस्त्यांना मांस पुरवण्यासाठी झालेल्या बेसुमार शिकारीमुळे कॉलोराडोतील एल्क जवळजवळ नाहीसे झाले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी राज्याने शिकार बंद केली आणि वायोमिंगमधून एल्क आणून सोडले. १९१३ व १९१४ मध्ये यलोस्टोन परिसरातील ४९ एल्क एस्टेस खोऱ्यात आणण्यात आले. १९३७ च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे शस्त्रे व दारूगोळ्यावरील कराचा पैसा राज्यांना वन्यजीव व्यवस्थापनासाठी मिळू लागला. आज कॉलोराडोत अडीच लाखांहून अधिक एल्क असून ही संख्या अमेरिकेतील राज्यांत सर्वाधिक आहे.

कायदा व परवाना

स्वतःच्या जमिनीवर शिकार करणाऱ्या मालकालाही परवाना घ्यावा लागतो आणि ठरलेला हंगाम पाळावा लागतो. १ जानेवारी १९४९ रोजी वा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीस शिकार-प्रशिक्षण अनिवार्य आहे. धनुष्यबाणाचा हंगाम सप्टेंबरमध्ये, तर रायफलचे मुख्य हंगाम ऑक्टोबर व नोव्हेंबरमध्ये असतात. रायफलच्या हंगामात ठळक नारिंगी किंवा गुलाबी रंगाचे किमान ५०० चौरस इंच वस्त्र आणि त्याच रंगाची टोपी परिधान करावी लागते. अनेक विभागांत नराच्या एका शिंगाला किमान चार फाटे किंवा कपाळालगतचा फाटा किमान पाच इंच लांब असणे आवश्यक असते.

जेथे परवाने सोडतीने दिले जातात, तेथे काही परवाने जमीनमालकांसाठी राखीव असतात. नोंदणीसाठी किमान १६० एकर सलग शेतजमीन असावी लागते. मालक मिळालेले व्हाउचर स्वतः वापरू शकतो किंवा दुसऱ्यास देऊ शकतो. परवानगीशिवाय खासगी जमिनीवर शिकार करणे गुन्हा आहे, मग तेथे कुंपण वा फलक असो वा नसो. जखमी प्राणी शेजाऱ्याच्या हद्दीत गेला, तरी त्याच्या मागावर जाण्यापूर्वी शेजाऱ्याची परवानगी घ्यावी लागते.

पद्धत

एल्कचे घ्राणेंद्रिय अत्यंत तीक्ष्ण असल्याने शिकारीत वाऱ्याला सर्वाधिक महत्त्व असते. डोंगरात पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते आणि ऊन चढल्यावर तापलेली हवा वर सरकते. त्यामुळे शिकारी सकाळी प्राण्याच्या खालच्या बाजूने, तर दुपारी वरच्या बाजूने जवळ जाण्याचा प्रयत्न करतो. एल्क रात्री कुरणांत चरतात व उजाडताच ॲस्पेन आणि सूचिपर्णी वृक्षांच्या दाट रानात विश्रांतीला जातात. वर्षभर त्याच भूमीवर राहणाऱ्या मालकाला त्यांच्या वाटा व पाणवठे ठाऊक असतात, हा त्याचा मोठा लाभ होय.

शिकारीनंतरचे काम अधिक कष्टाचे असते. जाड कातडी व मोठ्या देहामुळे उष्णता आत कोंडते आणि हाडांलगतचे मांस लवकर बिघडते. म्हणून प्राणी तत्काळ सोलून, चार भाग करून, सावलीत थंड केला जातो. मोठ्या नरापासून साधारणतः १०० किलोग्रॅम मांस मिळते. ते पाठीवर, घोड्यावर किंवा वाहनाने खाली आणले जाते. खाण्याजोगे मांस टाकून केवळ शिंगे नेणे बेकायदेशीर आहे.

वाद व समस्या

सार्वजनिक जमिनीवर शिकाऱ्यांची वर्दळ वाढली की एल्क खासगी कुरणांकडे सरकतात. जेथे मालक शिकारीस मनाई करतात, तेथे कळप सुरक्षित राहतात. परंतु त्यांची संख्या आटोक्यात ठेवणे कठीण होते आणि शेजारच्या शेतकऱ्यांच्या गवताच्या गंजी व कुंपणांची हानी होते. अशा हानीसाठी राज्य भरपाई देते, मात्र शिकाऱ्यांना प्रवेश देण्याबाबतच्या अटी त्यास लागू असतात. व्हाउचरच्या विक्रीमुळे सार्वजनिक मालकीचा प्राणी श्रीमंतांपुरता उरतो, अशी टीका केली जाते; तर हिवाळ्यात एल्कना चारा व आसरा खासगी खोऱ्यांतच मिळतो, म्हणून मालकांना मोबदला मिळणे न्याय्य आहे, असे समर्थकांचे म्हणणे आहे.

क्रॉनिक वेस्टिंग डिसीज हा मेंदूचा असाध्य रोग १९६७ मध्ये कॉलोराडोतील बंदिस्त हरणांत प्रथम आढळला व १९८१ मध्ये जंगली एल्कमध्ये दिसून आला. माणसास त्याची लागण झाल्याचे सिद्ध झालेले नाही. तरीही बाधित प्राण्याचे मांस न खाण्याचा सल्ला आरोग्य यंत्रणा देतात.

हे सुद्धा पहा

रॉकी पर्वतरांग
सांबर
हंगुल
वन्यजीव व्यवस्थापन